विषाणूचा खून

१

"आत्या, खून झालाय. लगेच ये."

भाच्याने फोनवर एवढंच सांगितलं. भाचा लहानपणापासून राईचा पर्वत करण्यात पटाईत, आता एका मोठ्या संशोधन संस्थेचा संचालक झाला तरी खोड काही गेली नव्हती. पण खून म्हणजे जरा जास्तच झालं. आत्याने विचारलं, "कुणाचा?"

"विषाणूचा."

आत्याने फोन ठेवला, चहा संपवला, आणि मगच चपला पायात सरकवल्या.

तिचा उभा जन्म कोंबड्यांच्या लशी तपासण्यात गेला होता. कुठली लस जिवंत, कुठली मेलेली आणि कुठली नुसतं पाणी, हे सांगण्याची नोकरी. निवृत्त झाली तरी खाज जिरली नव्हती. संस्थेत काही विपरीत घडलं की नियमाप्रमाणे बाहेरचा तपासनीस लागे, तेव्हा भाचा तिलाच बोलावी. तो आत्या म्हणे म्हणून झाडून सगळी संस्था तिला आत्या म्हणे. पाठीमागे काही जण 'कोंबडीवाली' म्हणत, तेही तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या मजल्यावर मयताला जमावी तशी मंडळी टेबलाभोवती जमली होती. टेबलावर काचेच्या लहान गोल ताटल्या. प्रत्येकीच्या तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पेशींचा पातळ थर आणि वर त्या पेशींचा खुराक, छान गुलाबी रंगाचा.

"या पेशी कॅन्सरच्या गाठीतल्या," भाचा सांगू लागला. "शुक्रवारी यांच्यावर आपला विषाणू सोडला. तो जिवंत असता, तर एव्हाना कसर लागलेल्या शालीसारखी भोकं पडली असती. आज मंगळवार. एक तरी भोक दिसतंय?"

आत्याने एकेक ताटली उजेडाकडे धरली. एकही भोक नव्हतं.

"सगळा साठा मेलाय," बाजूला उभा असलेला एक उंच, चष्मेवाला गृहस्थ म्हणाला. हा उपप्रमुख. प्रत्येक गोष्टीवर शंका काढण्याच्या सवयीमुळे लोक त्याला शंकासुर म्हणत. "दोन मजल्यांवर दोन फ्रीजर आहेत, दोन्हींतला मेला. तुलनेसाठी ठेवलेला जुना साठा, जो मागच्या खेपेला पोटभर भोकं पाडत होता, तोही मेला. आपोआप असं होत नाही. हे कुणीतरी केलंय."

खिडकीशी एक तरुण बाई पाठमोरी उभी होती. हा विषाणू तिने रचला होता. साध्या सर्दीच्या विषाणूचा विखार कापून काढायचा आणि त्या जागी गाठीची ओळखखूण शिवायची, हे तिचं काम, म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणत. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

भाच्याने आत्याला बाहेर नेलं आणि आवाज खाली आणला. "गुरुवारी चौकशी समिती बसतेय. अध्यक्षांना वाटतंय की विषाणू कधी जिवंत नव्हताच, शिंपिणीने आधीचे निकाल रंगवून सांगितले."

"आणि तुला काय वाटतं?"

"माझी मती गुंग झालीय. तू आधी खाली वॉर्डात जा. या विषाणूची लस ज्यांच्यासाठी केली त्यांना भेट."

२

वॉर्डातली बाई पलंगावर मांडी ठोकून बसली होती आणि नर्सला श्वास कसा धरायचा ते शिकवत होती. शहरातल्या निम्म्या लोकांना तिने पोहायला शिकवलं होतं. तलावाच्या या काठावरून ओरडली की त्या काठावरची पोरं हात मारत. कोच बाई म्हणूनच सगळे तिला ओळखत. पाठीवरच्या एका काळ्या डागापासून कॅन्सर सुरू झाला होता, आणि होते नव्हते ते सगळे उपचार करून झाले होते.

"तुम्ही त्या कोंबड्यांच्या डॉक्टर ना?" तिने विचारलं.

"हो. तुम्हाला पिसं फुटली की सांगा."

कोच बाई खळखळून हसली. मग म्हणाली, "दोनदा कापलंय हो मला. एकदा गाठीतलं, एकदा शेजारच्या धडधाकट कातडीतलं. म्हटलं घ्या, उरलेलं मला ठेवा. आणि आता म्हणतात लस मेली!"

"नवी करता येते."

"येते. सहा-सात महिने लागतात. तेवढे माझ्याकडे नाहीत, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. मला तेच आवडलं, तोंडावर सांगणारी माणसं बरी." तिने चादरीची घडी सारखी केली. "मला फक्त एकदा टोचून घ्यायचंय. लागू नाही पडलं तर नाही पडलं. पण हात न मारताच बुडायचं म्हणजे माझ्यासारखीला लाज आहे."

आत्या कुणाला वचन देत नसे, त्या दिवशीही दिलं नाही. पण जिना चढताना गुडघे दुखत असूनही ती थांबली नाही. तिला राग आला होता. कुणाचा ते अजून माहीत नव्हतं, म्हणून तो अधिकच येत होता.

३

पहिला सापडला तो फ्रीजर सांभाळणारा. स्वभावाने इतका संथ की लोक त्याला थंडोबा म्हणत. आज मात्र थंडोबाच्या कपाळावर घाम होता.

"बोला," आत्या म्हणाली. "पोटात ठेवलंत तर पोट दुखेल."

"आत्या, फ्रीजरची घंटा वाजली होती." त्याने दाराकडे एक नजर टाकली. "गेल्या बुधवारी. दार नीट लागलं नव्हतं. मी घंटा बंद केली, दार लावलं आणि कुणाला बोललो नाही. पाच मिनिटंच असेल हो उघडं! पण माझ्यामुळेच मेला असणार. दोन रात्री डोळा लागला नाही."

"कुठला फ्रीजर?"

"खालचा."

"मग वरच्यातला कसा मेला? तो काय खालच्याच्या दुःखाने गेला?"

थंडोबाने कपाळावरचा घाम पुसला. त्याचा गुन्हा दोन मिनिटांत हातचा गेला होता, आणि त्याला बिचाऱ्याला हसावं की रडावं ते कळेना.

शंकासुर तयारीतच बसला होता. या लशीला त्याचा पहिल्या दिवसापासून विरोध. त्याला दुसऱ्याच औषधावर काम करायचं होतं, ते संस्थेने मागे ठेवलं. आणि ताटल्यांवर विषाणू सोडला होता तोही त्यानेच.

"म्हणजे संशय माझ्यावर," तो म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो तर मीही माझ्यावरच घेतला असता."

"गेलात ना विषाणू सोडायला, तेव्हा उकळत्या पाण्यात तर नाही ना बुडवलात?"

"आत्या, मला ही लस आवडत नाही. पण मला खोटा निकाल त्याहून आवडत नाही." त्याने चष्मा पुसला. "पहिली शंका मला पेशींचीच आली. भलत्याच कुणाच्या पेशी ताटल्यांत आल्या असतील, म्हटलं. मी काय दूधखुळा आहे? डीएनए तपासून घेतला. पेशी कोच बाईंच्याच आहेत, शंभर टक्के. ती वाट बंद झाली. आता एकच उरतं. विषाणू."

हे बोलणं खरं वाटत होतं. आत्याला खरं बोलणाऱ्या माणसांचा नेहमीच त्रास होई, कारण त्यांच्यापाशी धागा सापडत नाही.

शिंपीण अजून खिडकीशीच होती. आत्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हा तुझा विषाणू बाईंच्या धडधाकट पेशींना का खात नाही गं? मला कोंबडीच्या भाषेत सांग."

शिंपीण यंत्रासारखी बोलली. "निरोगी पेशीला विषाणू आत आला की हुसकावता येतो. गाठीची पेशी ती विद्या विसरलेली असते. म्हणून तिच्यात तो वाढतो आणि तिला फोडतो. फुटलेल्या गाठीतून खुणा बाहेर पडतात आणि शरीराला चोराचा चेहरा कळतो. मग शरीर स्वतःच चोर शोधतं. निदान तसं ठरलं होतं."

"मग?"

"मग काही नाही." ती आता वळली. डोळे सुजलेले होते. "आत्या, मी समितीला सांगते की आधीचे निकाल खोटे होते. माझ्यावर शिक्का बसेल, पण चौकशी तरी संपेल. नवी लस उद्यापासून सुरू करता येईल. चौकशी चालू असेपर्यंत कुणी नळीला हात लावू देणार नाही, आणि बाईंचे दिवस जातायत."

"निकाल खोटे होते?"

"नव्हते."

"मग गप्प बस," आत्या ओरडली. "गुरुवारपर्यंत तोंड उघडलंस तर गाठ माझ्याशी आहे!"

४

राहिली एक. पेशी वाढवणारी, नुकतीच कामावर आलेली. लहान मुलांच्या लशी करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तिने वीस-बावीस वर्षं पेशी जोपासल्या होत्या, आणि हाताला असं यश की इथे आल्याआल्याच तिला माळीणबाई हे नाव पडलं. शुक्रवारच्या ताटल्या तिने लावल्या होत्या. बाटलीत वाढलेल्या पेशी सोडवून ताटल्यांत पसरायच्या, हे तिचं काम.

आत्याने एक ताटली सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि तिच्या तोंडून आपसूक "वा!" निघालं. पेशी एकीला एक लागून, एका थरात, कुठे रेटारेटी नाही, कुणी कुणाच्या अंगावर नाही. फरशी बसवावी तर अशी.

"माझा हात आहे तो," माळीणबाई म्हणाली, आणि लगेच तिला प्रसंगाचं भान आलं. "म्हणजे, पेशींत खोट नाही, एवढंच म्हणायचंय. कारखान्यात माझ्या बाटल्या बघायला बाहेरून माणसं यायची."

"हा खुराक गुलाबी असतो, तो तसाच राहतो का?"

"पेशी जेवल्या की पिवळट होतो. उष्ट्याचा आंबटपणा उतरतो त्यात. तसं झालं की बदलायचा."

"या ताटल्यांचा बदललास?"

"गरजच पडली नाही. शुक्रवारपासून तोच आहे. शहाण्या आहेत माझ्या पेशी, बेतानं खाणाऱ्या."

आत्याने ताटली खाली ठेवली. ती उबवणीच्या कपाटापाशी गेली. कोंबड्यांत आयुष्य काढलेल्या बाईला ते कपाट माहेरासारखं. दार उघडताच अंगाला ऊब लागली. "यांतल्या बाटल्या निवडल्यास कशा?"

"त्यात काय, नेहमीसारख्याच. त्या दिवशी कपाट धुवायला रिकामं केलं होतं, बाटल्या सगळ्या शेजारच्या कपाटात एकाच फळीवर होत्या. कोच बाईंच्या नंबरच्या तेवढ्या बाजूला घेतल्या आणि त्यांतल्या सगळ्यांत देखण्या उचलल्या. चाचणीला नेहमी देखणीच बाटली घ्यायची, ही माझी शिस्त आहे."

"आणि राहिलेल्या?"

माळीणबाईने नाक मुरडलं आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे त्याच नंबरच्या तीन-चार बाटल्या होत्या. आतला खुराक पिवळा जर्द. "नासल्यात मेल्या. एकमेकींच्या बोकांडी बसल्यात, ढीगच्या ढीग. कितीही घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळ्या. कुणी सांभाळल्यात कोण जाणे. आत्ता फेकायलाच निघाले होते." आणि तिने खरंच हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" आत्या किंचाळली.

अख्खा मजला धावत आला.

५

"बसा सगळे," आत्या म्हणाली. स्वतः मात्र कपाटाला पाठ लावून उभी राहिली, कुणी त्या बाटल्या पळवू नये म्हणून. "शंकासुर, मला सांगा. विषाणू मेलेला असता, तर ताटल्यांतल्या कॅन्सरच्या पेशींचं काय झालं असतं?"

"काहीच नाही. त्या वाढत राहिल्या असत्या."

"कशा वाढल्या असत्या? सांगा की, तुम्ही रोज बघता."

"बेफाम," तो म्हणाला. "एकमेकींवर चढून. खुराकाचा फडशा पाडून..."

त्याने ताटल्यांकडे पाहिलं आणि तो मध्येच थांबला.

"हं," आत्या म्हणाली. "घरात अधाशी पाहुणा चार दिवस राहिला आणि डबा भरलेलाच आहे, असं कधी झालंय का? शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत खुराक गुलाबीचा गुलाबी. तुम्ही सगळे भोकं शोधत बसलात, आणि भोकं नाहीत म्हणून विषाणूच्या नावाने रडलात. रंगाकडे कुणी बघितलंच नाही. या ताटल्यांत कॅन्सर नाहीये."

"पण डीएनए!" शंकासुर उठून उभा राहिला. "पेशी बाईंच्याच आहेत. मी स्वतः..."

"आहेतच की बाईंच्या. पण बाई म्हणजे काय नुसती गाठ आहे? बाकीची एवढी धडधाकट बाई खाली मांडी घालून बसलीय, तिचा डीएनए काय वेगळा असणार आहे?"

शंकासुर पुन्हा खुर्चीत बसला.

"दोन नमुने घेतले होते," आत्या पुढे म्हणाली. "एक गाठीचा, एक शेजारच्या चांगल्या कातडीचा. दोन्ही बाटल्यांवर बाईंचा एकच नंबर. तुमच्याकडे येऊन-जाऊन मी बघितलीय ती रीत अशी की निरोगी पेशी वरच्या फळीवर, गाठीच्या खालच्या. बरोबर? मग शुक्रवारी कपाट धुतलं आणि बाटल्या एका फळीवर आल्या. कुणी ठेवल्या?"

"मी," शंकासुर हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, बघून कुणालाही ओळखू येतील."

"तुम्हाला येतील. हिला नाही. हिच्या कारखान्यात एक नंबर म्हणजे एकच पेशी. आणि तिथे सगळा जन्म निरोगी पेशी जोपासल्यात हिने. देखणी, नीटस बाटली ती चांगली, ढीग झालेली ती नासलेली, हे हिच्या हाडामांसात मुरलंय. हिने उत्तम बाटली उचलली. फक्त कॅन्सरच्या बाबतीत उत्तम दिसतं तेच चुकीचं असतं, हे हिला कुणी सांगितलं नाही."

माळीणबाईने पदर... नाही, कोटाची बाही तोंडावर धरली. "देवा! मी त्या फेकणार होते. बाईंच्या गाठीच्या पेशी मी कचऱ्यात..."

"फेकल्या नाहीस ना? मग रडतेस कशाला?" आत्या तिच्यावर खेकसली, आणि मग भाच्याकडे वळली. "रडायचंच असेल तर याने रडावं. फळीची रीत सगळ्यांना माहीत आहे म्हणून कुणी पाटी लावली नाही. नवीन माणसाला काय ती स्वप्नात कळणार होती? एवढी मोठी संस्था, आणि कारभार घरातल्या मिठाच्या बरणीसारखा!"

संचालक भाच्याने मान खाली घातली. त्याला लहानपणापासून सवय होती.

शिंपीण मात्र ताटल्यांपाशी पोहोचली होती. तिने एक ताटली उजेडाकडे धरली. "म्हणजे... इतका विषाणू यांच्यावर सोडला. तिन्ही साठे. आणि एका पेशीला धक्का नाही."

"तेच तर! मेला नव्हता तो. परक्याच्या ताटाला त्याने हात लावला नाही, एवढंच."

"हे सगळं तर्काने ठीक आहे," शंकासुर म्हणाला. आवाज कोरडा होता, पण चष्म्यामागे काहीतरी चमकत होतं. "मला शंका आहे. मी तपासणार."

"तपासाच!" आत्या म्हणाली. "आणि विषाणू घ्या तो खालच्या फ्रीजरमधलाच. थंडोबाला झोप येऊ दे."

६

पिवळ्या बाटल्यांतल्या पेशी माळीणबाईने स्वतः ताटल्यांत लावल्या. असल्या अघळपघळ पेशी तिने जन्मात लावल्या नव्हत्या, पण नाक न मुरडता लावल्या. शेजारी निरोगी पेशींच्या तितक्याच ताटल्या. दोन्हींवर विषाणू सोडला शंकासुराने, आणि कपाटाचं दार स्वतः लावलं.

बुधवार गेला तो कसा गेला, ते कुणी सांगू शकलं नसतं. आत्याने तीन वेळा कपाटाकडे जाऊन पाहिलं, तिन्ही वेळा शंकासुर तिथेच खुर्ची टाकून बसलेला होता. शिंपीण कोच बाईपाशी होती. कोच बाईने तिला जेवायला लावलं आणि ताटात काही टाकू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी समिती आत येऊन बसली. अध्यक्ष म्हणजे हसण्याचा परवाना न मिळालेले गृहस्थ. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मेलेल्या विषाणूवर चर्चा करण्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं."

दार उघडलं आणि शंकासुर आत आला. दोन्ही हातांत दोन ट्रे. त्याने अध्यक्षांच्या पुढ्यात पहिला ठेवला. निरोगी पेशी, अखंड, एक भोक नाही. मग दुसरा ठेवला.

कॅन्सरच्या पेशींची चाळण झाली होती. भोकाला भोक लागलेलं. काही ताटल्यांत तर थर कुठे होता ते शोधावं लागत होतं.

"मी या लशीच्या विरोधात होतो," शंकासुर म्हणाला. "हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. आमच्याकडून चूक झाली आणि विषाणू चुकून निरोगी पेशींवर गेला. मुद्दाम ठरवून आम्ही इतका मोठा डोस सोडण्याची हिंमत केली नसती. त्या चुकीने दाखवून दिलं की तो चांगल्या पेशीला शिवत नाही. आणि हा दुसरा ट्रे दाखवतो की गाठीला सोडत नाही. माझ्या सगळ्या शंका काढून झाल्या. लस द्या."

अध्यक्षांनी दोन्ही ट्रे उजेडाकडे धरून पाहिले. पुन्हा पाहिले. मग त्यांनी शिंपिणीला जवळ बोलावलं आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मी तुमच्यावर भलता संशय घेतला. मला माफ करा." परवाना नसताना ते चक्क हसले.

त्याच दुपारी कोच बाईच्या पाठीवरच्या गाठीत सुई गेली. काखेत दुसरी एक गाठ होती, लिंबाएवढी. तिला मुद्दाम हात लावला नाही. संध्याकाळी बाईंना सणसणून ताप भरला. नर्स घाबरून वर आली, तर वरच्या मजल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ताप म्हणजे शरीर जागं झालं होतं! थंडोबाने माळीणबाईचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली, आणि आत्याने, गुडघे विसरून, शंकासुराच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा उडाला.

"कोंबड्या तापल्या की आम्ही घाबरायचो," ती म्हणाली. "माणसांची तऱ्हाच न्यारी."

७

मधले महिने सोपे नव्हते. सुया झाल्या, ताप आले नि गेले. पाठीवरची गाठ मऊ झाली, मग चपटी झाली, मग नुसता व्रण उरला. ते आनंदाचं होतंच, पण तिथे सुई जात होती. खरी परीक्षा काखेतल्या गाठीची होती. शरीर खरोखर शिकलं असेल, तर जिथे कुणी काही टोचलं नाही तिथलाही चोर त्याने हुडकायला हवा होता.

सोनोग्राफीच्या खोलीत कोच बाई हात डोक्यामागे घेऊन पडली होती. शिंपीण आणि आत्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. तरुण डॉक्टरीण काखेत यंत्र फिरवत होती, फिरवतच होती. मग तिने बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांना आणलं. तेही बराच वेळ फिरवत राहिले.

"काय ते बोला की तोंडावर!" कोच बाई कडाडली. "हात भरून आला माझा."

"बाई," मोठे डॉक्टर म्हणाले, "सापडत नाहीये."

"काय हरवलं तुमचं?"

"गाठ. गाठ सापडत नाहीये."

आत्याला एकदम बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्ची नव्हती. कोच बाईने मोकळा हात पुढे करून शिंपिणीचं मनगट पकडलं आणि तिला ओढून जवळ घेतलं. "यंत्रावर माझा विश्वास नाही. तू शोध."

शिंपिणीने बोटं काखेत ठेवली. डोळे मिटले. विषाणूचा एकेक तुकडा तिने वर्षानुवर्षं पडद्यावर कापला होता, शिवला होता. ज्या माणसासाठी शिवला त्याच्या अंगाला आज पहिल्यांदा हात लावत होती. तिने वर दाबून पाहिलं, खाली दाबून पाहिलं, कडेने फिरून पुन्हा मधोमध आली. बोटांखाली ऊबदार कातडी होती, आणि पोहणाऱ्या बाईचा घट्ट स्नायू.

"काही नाही," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," कोच बाई म्हणाली. "काठावरून बोलतात तसं बोल."

शिंपिणीने छाती भरून श्वास घेतला आणि ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की बाहेरच्या बाकावर बसलेले तिघे, थंडोबा, माळीणबाई आणि शंकासुर, दार ढकलून एकदम आत आले.

"काही नाही!"